घाटात तुटलेला जॉइंट

रुक्मिणीबाईची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथा मुलगा झाला तेव्हा तिने त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं, शेजारणीने तो उचलला, आणि मग रुक्मिणीबाईने पदर पसरून तिच्याकडून तो मागून घेतला. भिकेत मिळालेल्या पोरावर काळाची नजर पडत नाही, अशी म्हसावदच्या बायांची समजूत. म्हणून नाव ठेवलं भिकन. काळाची नजर खरंच पडली नाही. माणसांचे हात मात्र पडले, आणि लवकर पडले.

बाप पटकीत गेला आणि शेत काकाच्या ताब्यात आलं. काका कामाला वाघ होता, त्याच्यासारखी कपाशी शिवारात कुणाची येत नसे. पण बैलाला आणि पुतण्याला तो एकाच पराणीने हाकायचा. पराणीच्या टोकाची आर भिकनच्या मांडीत इतक्या वेळा रुतली होती की पुढे धोतर नेसतानाही तो मांडी कुणाला दिसू देत नसे. मिसरूड फुटायच्या वयात एकदा वखर चालू असताना आर नेहमीपेक्षा खोल गेली. भिकनने पराणी हिसकली आणि उलटी करून काकाच्या तोंडावर हाणली. काका औतापुढे आडवा झाला, बैल बुजले, वखराची धार त्याच्या पायावरून थोडक्यात हुकली. भिकनने मागे वळून पाहिलं नाही. घरी न जाता, अंगावरच्या मातीसकट, तो धुळ्याच्या वाटेला लागला.

धुळ्यात तो एका लॉरीवाल्या उस्तादाच्या हाताखाली राहिला. त्या काळच्या लॉरीत गिअर गुपचूप पडत नसे. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग कानाने जुळवायचा, क्लच दोनदा दाबायचा, आणि नेमक्या क्षणी दांडी ढकलायची. क्षण चुकला की आतले दाते एकमेकांवर खरखरून ओरडत. दाते ओरडले की उस्तादाचा पाना भिकनच्या बोटांवर पडायचा. गिअर कानात बसेपर्यंत डाव्या हाताची दोन पेरं कायमची वाकडी बसली. तोच उस्ताद आपल्या ताटातली भाकर मोडून त्याला द्यायचा आणि ताप आला तर कपाळावर ओली पट्टी ठेवायचा. त्यामुळे भिकनला त्याचा राग कधी आला नाही. मारल्याशिवाय माणूस शिकत नाही, एवढं मात्र त्याने पक्कं धरलं. ते कुणी त्याच्या डोक्यातून काढायला आलं नाही.

पुढे तो चांगला ड्रायव्हर झाला आणि वाईट माणूस झाला. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. गाडीला हात लावणाऱ्याच्या तो कानशिलात द्यायचा. रस्त्यात आडव्या आलेल्या गाडीवानाला खाली उतरून चाबकासकट लोळवायचा. काका मेल्यावर तो म्हसावदला परत आला, कौसाबाईशी लग्न झालं, आणि घरातही त्याचा हात थांबला नाही. एकदा दिवसभर चिखलात रुतलेली गाडी काढून तो घरी आला, तर चुलीवर अजून तवाच होता. त्याने कौसाबाईच्या तोंडावर हाताच्या मागच्या बाजूने मारलं. तिचा पुढचा दात पडला. तिने तो उचलून परसात टाकला, तोंड धुतलं आणि भाकर थापायला बसली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. जेवण झालं, पाणी तापलं, कुणी आलंय. याहून एक शब्द जास्त नाही. भिकनला वाटलं, बाई सरळ झाली.

मग जगात दुसरी मोठी लढाई लागली. पेट्रोल मिळेनासं झालं आणि डोंगरातल्या कोळशाला भाव चढला. गावातल्या हिलाल पाटलाने जंगलातल्या कोळशाच्या भट्ट्यांचा ठेका घेतला आणि कुठूनशी एक जुनी लॉरी आणली. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. आधीच तीन मालकांनी ती पिळून काढली होती. पाटलाने तिच्या पाठीवर कोळशाच्या गॅसचं पिंप बसवून घेतलं आणि भिकनला बोलावलं. भिकनने गाडी गावाबाहेर नेऊन एक चक्कर मारली आणि परत येऊन सांगितलं की ही गाडी सपाटीला ठीक, घाटात माणसं मारील. पाटील हसला. म्हणाला, म्हणून तर तुला बोलावलं, दुसरा कुणी हिच्यावर बसणार नाही. हे ऐकून भिकनची छाती फुगली. खरं तर तेव्हाच त्याने खाली उतरायला हवं होतं.

गाडीचं दुखणं एक नव्हतं. कोळशाच्या गॅसवर इंजिनाची ताकद निम्मी व्हायची, त्यामुळे चढावर सगळा भार क्लचवर यायचा. क्लचच्या प्लेटवर आतून तेल झिरपायचं आणि ती घसरायची. इंजिन गरगरतंय, गाडी जागची हलत नाही आणि केबिनमध्ये जळका वास कोंडतोय, असं व्हायचं. भिकन मग तळातलं झाकण उघडून प्लेटवर मूठभर सुकी राख फेकायचा, तेव्हा ती पुन्हा पकड धरायची. दुसरा गिअर उतारावर आपोआप सुटायचा. तो सुटला की इंजिनाचा आवर जायचा आणि गाडी मोकळ्या बैलासारखी धावायची. म्हणून धावड्याच्या दुबेळक्याने, म्हणजे दोन फाट्यांच्या काठीने, दांडी दाबून धरावी लागे. मागच्या आखातल्या पेटीत दाते झिजले होते, तिथे ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरला होता, तरी ती रडायचीच. आणि गिअरच्या पेटीपासून मागच्या आखापर्यंत जाणारा जो शाफ्ट, त्याच्या पुढच्या टोकाचा जॉइंट सैल झाला होता. भार पडला की खालून ठक् करून आवाज यायचा. क्लच घसरतो ते नाकाला कळतं, गिअर सुटतो ते हाताला कळतं. हा आवाज भिकनला पोटात कळायचा. या गाडीचा हातब्रेकही गिअरच्या पेटीमागे त्याच शाफ्टवर होता. जॉइंट तुटला तर इंजिन गेलं आणि हातब्रेकही गेला. उरला फक्त पायाचा ब्रेक, आणि त्याच्या सळया तारेने बांधलेल्या होत्या.

एकट्याने ही गाडी घाटात चालवणं शक्य नव्हतं. भट्टीवरच्या माणसांतून पाटलाने वीरसिंगला गाडीवर दिला. वीरसिंग धडगावच्या अलीकडच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी, भिकनच्याच वयाचा, अंगाने सडपातळ आणि बोलायला कमी. चढावर त्याने गाडीमागे चालायचं आणि गाडी मागे सरकली की अंजनाच्या लाकडाचा ठोकळा चाकामागे टाकायचा. उतारावर केबिनमध्ये बसून दुबेळकं धरायचं. त्याची बायको गुलाबबाई भट्टीवर कोळसा भरायला असायची आणि बाकीच्या बायांबरोबर पोत्यांवर बसून खाली यायची.

पहिल्याच आठवड्यात एका वळणावर वीरसिंगचं लक्ष दरीत उडालेल्या मोरांकडे गेलं. दुबेळकं सैल पडलं, गिअर सुटला, आणि भिकनने मोठ्या मुश्किलीने गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. उतरल्याबरोबर त्याने इंजिन फिरवायचा लोखंडी हँडल उचलला आणि वीरसिंगच्या खांद्यावर हाणला. वीरसिंग गुडघ्यावर बसला. दुसऱ्यांदा हँडल वर गेला तेव्हा मात्र त्याने तो हवेतच धरला. दोघं तसेच उभे राहिले, एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या.

वीरसिंगला आपली बोली सोडून घाटाखालची भाषा मोडकीतोडकी येत होती. तो सावकाश म्हणाला, "मन्ही चूक व्हती. एक मारं, ते मी खादं. दुसरा मारशी ते कुऱ्हाड मन्हापान बी शे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. बाजारात भाव सांगावा तसं त्याने ते सांगितलं. भिकनने हँडल खाली घेतला. आजवर त्याने ज्याला मारलं तो एक तर रडला होता, पळाला होता, नाही तर अंगावर आला होता. हा यातलं काहीच करत नव्हता. त्यानंतर घाटात त्या दोघांचं जमून गेलं. मैत्री म्हणावी असं काही नव्हतं. भिकन चिलीम ओढून झाली की वीरसिंगकडे द्यायचा, आणि वीरसिंग मोहाची वाळलेली फुलं आणायचा. जॉइंटचा ठक् आवाज आला की दोघं एकाच वेळी खाली बघायचे. मग एकमेकांकडे बघायचे.

वैशाखात आवाज वाढला. गाडी रिकामी असतानाही तो येऊ लागला. भिकनने शाफ्टखाली शिरून जॉइंट हाताने हलवला, तर आतला चार टोकांचा लोखंडी क्रॉस बोटभर खेळत होता आणि एका टोकाला केसाएवढी चीर होती. त्याने पाटलाला गाठलं. म्हणाला, आप्पा, आता ही गाडी घाटात नेता येणार नाही. सुरतेहून क्रॉस मागवा, येईस्तोवर बैलगाड्या लावा. पाटील ओट्यावर बसून दात कोरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पानी पडाना पहिले कोळसा खाले उतराले जोयजे," तो म्हणाला. "मंग उघाड गाडी. आते चालाड. नई चालाडनी व्हई ते चावी ठी दे, दुसरा शे."

दुसरा कुणी नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. भिकनला चावी ठेवता आली असती. ती त्याच्या मुठीत होती, पण घाट आपल्याला नडला असं गावात बोललं जाईल, हेच त्याच्या डोक्यात बसलं. त्याने गावच्या लोहाराकडून क्रॉसभोवती लोखंडी पट्टी आवळून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडी वर नेली. वीरसिंगला त्याने पट्टी दाखवली. वीरसिंगने ती बोटाने चाचपली. त्या दिवशी त्याने ठोकळ्याला धरायला नवा दोर बांधून घेतला.

येताना गाडीत कोळशाची पोती गच्च भरली होती. वर भट्टीच्या बाया होत्या, त्यांत गुलाबबाई आणि पाड्यावरची बेबीबाई नावाची म्हातारी. हिलाल पाटील आपले दोन गडी घेऊन घोडीवर मागून येत होता. ऊन माथ्यावर होतं. घाटाच्या मधल्या उतारावर, जिथे एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी आहे, तिथे खालून ठक् ऐवजी फाट् असा आवाज आला.

भिकनला कळलं. त्याच्या पायाखालून इंजिन मोकळं सुटून किंचाळलं आणि गाडी पुढे उसळली. वीरसिंग दुबेळक्यावर सगळा भार टाकून बसला होता, पण आता त्या दांडीला चाकांशी काही नातं उरलं नव्हतं. भिकनने हातब्रेक ओढला, तो रिकामाच वर आला. पायाच्या ब्रेकवर तो उभा राहिला. तार ताणली गेली, गाडी थोडी थबकली, मग तार तुटली. खाली लोंबणारं शाफ्टचं टोक रस्त्यात घासत, दगडांवर आदळत होतं. त्याचा प्रत्येक आघात केबिनच्या फळीला खालून बसत होता, जणू कुणी आत येण्यासाठी घण घालत होतं.

वीरसिंगने ठोकळा उचलला. भिकन ओरडला, नको. पण वीरसिंगने दार उघडलं, पायफळीवरून उडी टाकली, पडता पडता सावरला आणि गाडीच्या बरोबरीने धावत ठोकळा मागच्या चाकापुढे ढकलला. चाक ठोकळ्यावर चढलं, अडलं, ठोकळा फरफटला आणि गाडी त्याच्याभोवती तिरकी फिरली. तेवढा वेळ भिकनला पुरला. त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडीचं नाक कातळावर घातलं. त्याच झटक्यात शाफ्टचं टोक एका दगडात रुतलं, शाफ्ट वाकला आणि फळी फोडून आत आला. भिकनच्या उजव्या नडगीची हाडं त्याने काटक्यांसारखी मोडली.

धूळ बसली तेव्हा इंजिन बंद पडलं होतं आणि पिंपातून निखारे सांडत होते. पोती रस्त्यावर फुटली होती. बेबीबाई त्यांच्याखाली होती आणि तिची मान वळायला नको त्या बाजूला वळलेली होती. बाकीच्या बाया रक्तात आणि कोळशात माखून उठत होत्या. गुलाबबाईचं कपाळ फुटलं होतं. ती उठली, गाडीमागे गेली आणि तिथेच खाली बसली. ठोकळा निसटला होता. चाक वीरसिंगच्या दोन्ही मांड्यांवर उभं होतं.

भिकन दारातून बाहेर पडला आणि हातांवर सरपटत मागे गेला. बायांनी दांडकी लावून चाक उचललं, त्याने आणि गुलाबबाईने वीरसिंगला ओढून काढलं. वीरसिंग शुद्धीवर होता. त्याने आपल्या पायांकडे पाहिलंच नाही. बाया किती उरल्या, एवढंच त्याने विचारलं.

एवढ्यात पाटील पोचला. घोडीवरून उतरून तो आधी गाडीखाली वाकला, तुटलेला क्रॉस पाहिला, आणि लोहाराची पट्टी उचलून दरीत फेकली. मग तो भिकनजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात समजावू लागला. पोलीस विचारतील, तेव्हा सांगायचं की पावरा मोहाची दारू पिऊन बसला होता, त्याने भलत्या वेळी दांडी ओढली. बाई मेली ती त्याच्यामुळे. भिकनला नवी गाडी मिळेल, पाय बरा होईल, सगळं निभेल. भिकनने उत्तर दिलं नाही. वेदनेने त्याचे दात वाजत होते. पाटलाने ते हो धरलं. तो उठला आणि वीरसिंगकडे गेला. बाया ऐकत होत्या, त्यांना पटावं म्हणून असेल, त्याने बुटाने वीरसिंगच्या चिरडलेल्या मांडीवर लाथ मारली.

"ऊठ. दारू पीसन ढोंग करी ऱ्हायना."

वीरसिंगच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. फुटलेल्या फळीतून बाहेर पडलेला हँडल भिकनच्या हातालगत होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि बसल्या जागेवरून, कंबर पिळून, पाटलाच्या गुडघ्यावर मारला. पाटील आडवा झाला. भिकनने दुसऱ्यांदा त्याच गुडघ्यावर मारलं. तिसऱ्यांदा तो मारणार तेवढ्यात गड्यांच्या काठ्या त्याच्यावर पडल्या. बाया दगड घेऊन गड्यांवर धावल्या नसत्या तर त्यांनी त्याला तिथेच संपवला असता.

वीरसिंगला बैलगाडीत घालून शहाद्याच्या दवाखान्याकडे नेलं. म्हसावद ओलांडायच्या आत तो गेला. पाड्यावर बातमी पोचली तशी माणसं तिरकमठे आणि कुऱ्हाडी घेऊन घाटात उतरली. पाटील सापडला नाही, गाडी सापडली. त्यांनी तिचे दिवे, काच, पिंप फोडलं आणि सगळ्यांनी मिळून ती दरीत लोटली. त्यावर पोलीस पाड्यावर गेले आणि हाताला येईल त्याला त्यांनी बडवलं.

धुळ्याच्या कोर्टात भिकन काठीच्या आधाराने उभा राहिला. पाटलाचा वकील दारूचं बोलत राहिला. भिकनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जॉइंट तुटना. तुटनार व्हता हाई माले माहीत व्हतं, पाटीलले माहीत व्हतं. वीरसिंगले मी दखाडं व्हतं. त्यानी दारू पियेल नव्हती." हे कुणीतरी मराठीत सांगितलं, कुणीतरी इंग्रजीत लिहून घेतलं, आणि त्याचं पुढे काही झालं नाही. क्रॉस दरीत होता, पट्टी दरीत होती. पाटलाचा गुडघा मात्र कोर्टात हजर होता. भिकनला गुडघ्याची सजा झाली. पाटील सुटला. जन्मभर एक पाय ओढत चालला, पण सुटला.

तुरुंगात भिकनला बरेच लोक मानत. गरिबासाठी मालकाचा गुडघा फोडणारा माणूस म्हणून त्याची गोष्ट बराकीत सांगितली जाई. सांगता सांगता ती मोठी झाली, आणि ऐकता ऐकता भिकनलाही ती पटू लागली. सुटून म्हसावदला आला तेव्हा तो थोडा ताठ मानेनेच घरात शिरला. कौसाबाईने पाणी दिलं, भाकर वाढली. तो जेवता जेवता घाटातलं सगळं सांगू लागला. लाथ कशी बसली, आपल्याला कसं राहवलं नाही, हँडल कसा उचलला. ती चुलीपाशी पाठ करून ऐकत होती. त्याचं संपल्यावर वळली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच कामाबाहेरचं बोलली.

"तू मन्हा दात पाडा, तवय तुन्हा गुडघा फोडाले कोनी उनं नई."

तिने एवढंच म्हटलं आणि ताट उचलायला हात पुढे केला. त्या हातावर मारायची लहर त्याच्या खांद्यातून उठली, कोपरापर्यंत आली. ती त्याला स्पष्ट कळली, गिअर सुटायच्या आधी दांडी थरथरते तशी. तो उठला आणि लंगडत बाहेर गेला. त्यानंतर तो त्या घरात झोपला नाही.

तो आधी धडगावच्या वाटेने वर गेला. मोडलेल्या पायाने घाट चढायला त्याला फार वेळ लागला. पाड्यावर त्याला ओळखलं तेव्हा वीरसिंगचा भाऊ दिलवरसिंग पुढे आला आणि त्याने त्याला मारायला सुरुवात केली. भिकनने हात वर केला नाही. डोकंही झाकलं नाही. तो पडला, तरी मार थांबला नाही. शेवटी गुलाबबाई झोपडीतून आली आणि तिने दिराला बाजूला केलं. कपाळावरची जखम भरून तिथे पांढरा व्रण उरला होता. ती त्याच्यासमोर बसली आणि तिने विचारलं, "काय तुटनं व्हतं?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने दारूचं ऐकलं होतं, देवाच्या कोपाचं ऐकलं होतं. भिकनने रक्त पुसलं, जमिनीवरच्या काटक्या उचलल्या आणि इंजिन कुठे, चाकं कुठे, मधला शाफ्ट कुठे ते मांडून दाखवलं. दोन काटक्या आडव्या-उभ्या धरून क्रॉस दाखवला आणि तो कसा तुटला ते दाखवताना एक काटकी मोडली. गुलाबबाई लक्ष देऊन बघत होती.

"तुले माहीत व्हतं?" तिने विचारलं.

"हा."

"तरी चालाडी?"

"चालाडी."

शेजारी नागली कांडायचं मुसळ पडलं होतं. तिने ते उचललं आणि त्याच्या जबड्यावर एकदाच मारलं. मग मुसळ जागेवर ठेवलं, आत गेली, आणि पाण्याचं मडकं आणून त्याच्याजवळ ठेवलं. त्याला उजाडेपर्यंत तिथे पडू दिलं. सकाळी दिलवरसिंगनेच त्याला घाटाच्या तोंडापर्यंत आणून सोडलं.

लढाई संपली होती. सुरत-धुळे रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या. विसरवाडीच्या तिठ्यावर भिकनने एका झाडाखाली दोन लोखंडी पाने आणि एक जॅक मांडला. जबडा तिरका बसला होता, पाय लंगडा होता, शब्द नीट फुटत नव्हते. येणाऱ्या लॉऱ्यांखाली तो न विचारता शिरायचा आणि शाफ्ट हलवून बघायचा. जॉइंट खेळत असला तर ड्रायव्हरला सांगायचा, पुढे जाऊ नको. न ऐकणाऱ्याच्या इंजिनातून एखादी वायर काढून तो खिशात घालायचा. ड्रायव्हर शिव्या द्यायचे, काही हात टाकायचे. तोही काही साधू झाला नव्हता. एका मालकाला त्याने गाडीच्या बॉनेटवर आपटलं होतं, आणि दुसऱ्याच्या अंगठ्याला तो कडकडून चावला होता. तिठ्यावरचे लोक म्हणत, लंगड्याच्या समोरून मोडकी गाडी नेण्यापेक्षा नवापूरपर्यंत ढकलत नेलेली बरी.

लग्नाचं वऱ्हाड भरून निघालेली एक मोटार त्याने अशीच अडवली. वायर त्याच्या खिशात होती आणि वऱ्हाडाला उशीर होत होता. वराच्या मामाने आणि आणखी चौघांनी त्याला झाडाशी धरून मारलं. वायर मिळावी म्हणून मारलं, मग मिळत नाही म्हणून मारलं. त्याने ती तोंडात घालून गिळायचा प्रयत्न केला. त्याच्या डाव्या डोळ्यावर कुणाचा तरी जोडा बसला आणि तो डोळा गेला. मोटार मात्र जागची हलली नाही. ड्रायव्हर शेवटी कुतूहलाने खाली शिरला, तर जॉइंट तुटायच्या बेतात होता. वऱ्हाड बैलगाड्यांतून गेलं. त्याला उचलून छपराखाली नेणारा वराचा मामाच होता.

भिकनला मारलं, मरणार बहुतेक, अशी बातमी कुणीतरी म्हसावदला नेली. कौसाबाई बोचकं घेऊन मोटारीने विसरवाडीला आली. तिने त्याचा डोळा धुतला, त्याला भाताची पेज भरवली, आणि तो उठून बसू लागला तरी परत गेली नाही. तिठ्यावर तिने चूल मांडली आणि ड्रायव्हर लोकांना भाकरी करून विकू लागली. भिकनला तिने आपल्या अटी चूल मांडली त्याच दिवशी सांगितल्या. झोपडीला मधून कूड घालायचा. आतल्या बाजूला ती झोपेल, आणि आतून कडी लागेल अशी फळी बसवायची.

भिकनने ती फळी स्वतः बसवली. कडी त्याने एका जुन्या लॉरीच्या दाराची आणली, ठोकून सरळ केली आणि जाड खिळ्यांनी पक्की केली. मग कौसाबाईला आतून कडी लावायला सांगून त्याने बाहेरून फळीला जोरात खांदा दिला. ती हलली नाही, हे बघून त्याने कडी काढायला लावली, आणि अंधार पडल्यावर बाहेरूनच आतल्या कौसाबाईला सांगितलं की आता लाव.

तिने कडी लावली.